भाषेची परीक्षा: आधी गुणांचा तक्ता वाचा, मग पुस्तक उघडा

भोसरीच्या एका कारखान्यात मी २४ वर्षं इन्स्पेक्शनला होतो. समोर ड्रॉइंग, म्हणजे मापं दिलेला नकाशा, हातात मायक्रोमीटर आणि मशीनवरून ट्रेमध्ये येऊन पडणारे जॉब, म्हणजे तयार झालेले भाग. जॉब कितीही चकचकीत दिसो, ड्रॉइंगवरच्या मापात बसला नाही तर तो रिजेक्ट. हे काम अंगात मुरलेलं असूनही स्वतःच्या परीक्षेच्या वेळी मी ड्रॉइंग न बघताच मशीन सुरू केलं. त्याची गोष्ट पुढे येईलच.

जर्मन शिकायला लागलो तेव्हा मी ४६ वर्षांचा होतो. कारखान्यात जर्मनीहून मशीन आली आणि तिच्या मॅन्युअलमधली निम्मी पानं कुणाला वाचता येईनात. संध्याकाळची बॅच धरली. कंपनीची बस नळ स्टॉपला सोडायची, तिथून चालत क्लास. बाकावर शेजारी कधी कॉलेजची मुलं, कधी नर्स, कधी लग्न ठरलेली मुलगी. ए-वन, ए-टू या पहिल्या दोन पायऱ्यांच्या परीक्षा झाल्या. पुढच्या बी-वनला चारपैकी तीन भागांत पास झालो आणि लेखनात १००पैकी ४६ मिळाले. लागतात ६०.

आता रविवारी सकाळी माझ्या कोथरूडच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. सगळे नोकरी-संसार सांभाळून भाषा शिकणारे. मी काही शिक्षक नाही. पण परीक्षा कशी बांधलेली असते आणि मार्क कुठे मिळतात, कुठे जातात, हे मी त्यांच्यासोबत मापून बघतो. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे. माझी भाषा जर्मन, म्हणून तपशील तिचेच जास्त. जपानी आणि फ्रेंचचं आवश्यक तेवढं सांगेन.

परीक्षा कुणाची?

क्लासमध्ये ‘फायनल’ म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक असते क्लासची स्वतःची परीक्षा. शिकवणारेच पेपर काढतात, तेच तपासतात, शिकवलेल्या धड्यांवरच प्रश्न येतात. काही ठिकाणी हजेरी आणि गृहपाठही धरतात. पास झालात की पुढच्या लेव्हलला बसता येतं. दुसरी असते बाहेरची प्रमाणपत्र परीक्षा: जर्मनची गोएथे, फ्रेंचची डेल्फ, जपानीची जेएलपीटी. तिथे पेपर बाहेरून येतो, आणि तुम्ही कुठल्या पुस्तकातून शिकलात याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

पुण्यात दोन्ही आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग आहे, तिथला अभ्यासक्रम पुरा केला की विद्यापीठाचं प्रमाणपत्र. बोट क्लब रोडचं मॅक्स म्युलर भवन म्हणजेच गोएथे इन्स्टिट्यूट. तिथली परीक्षा बाहेर शिकलेल्यांनाही देता येते. शिवाय पेठांपासून पिंपरीपर्यंत खासगी क्लास आहेत, त्यांची आपापली प्रमाणपत्रं आहेत. प्रश्न प्रतिष्ठेचा नाही, कागद मागतंय कोण याचा आहे. आमच्या टेबलावर हडपसरची एक मुलगी होती. नवरा म्युनिकला, तिला जोडीदाराच्या व्हिसासाठी ए-वन हवी होती. चार महिने मन लावून शिकली, क्लासच्या परीक्षेत पहिली आली, आणि मग कळलं की व्हिसाला ठरावीक संस्थांचंच प्रमाणपत्र चालतं. अभ्यास वाया गेला नाही, पण नवी फी भरावी लागली आणि तारीख पुढे गेली. त्या मुलीचा त्या दिवसाचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हा मुद्दा सगळ्यात आधी.

फी भरायच्या आधी पाच गोष्टी विचारून वहीत लिहून ठेवा. पेपर कोण काढतं? तपासतं कोण? पास एकूण मार्कांवर की प्रत्येक भागात वेगळं? एका भागात राहिलो तर तेवढाच पुन्हा की सगळंच? आणि हा कागद जिथे द्यायचा आहे तिथे तो चालतो का? शिकवणाऱ्या मॅडमना असं विचारणं आगाऊपणाचं वाटतं आपल्याकडे. वाटून घेऊ नका. चांगल्या शिक्षकांना हे प्रश्न आवडतात.

पासची रेघ कुठे आहे

ए-वन, बी-वन ही नावं युरोप परिषदेने २००१ साली आखून दिलेल्या सहा पायऱ्यांची आहेत, ए-वनपासून सी-टूपर्यंत. त्या पायऱ्या ‘किती व्याकरण येतं’ यावर नाहीत, ‘या भाषेत काय करता येतं’ यावर आहेत. फॉर्म भरता येतो का, तक्रार सांगता येते का, आपलं मत पटवून देता येतं का. तपासणारा हेच शोधत असतो. दहावीच्या पेपरची सवय असलेल्या आपल्याला हे पचायला वेळ लागतो.

पास होण्याचे नियम मात्र प्रत्येक परीक्षेचे निराळे. गोएथेच्या ए-वनला ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. प्रत्येक भाग १५ गुणांचा, म्हणजे बेरीज ६०, तिला १.६६ने गुणून शंभरावर आणतात. एकूण ६० मिळाले की पास. एका भागात कमी पडलं तर दुसरा भाग भरून काढतो. ए-टूला एक अट वाढते: तीन लेखी भागांच्या ७५पैकी ४५ हवेत आणि तोंडीच्या २५पैकी १५. म्हणजे बोलण्यात कच्चा असलेला माणूस लेखीच्या जोरावर सुटत नाही.

बी-वनला चित्र बदलतं. चार भाग, प्रत्येक १०० गुणांचा, प्रत्येकात ६० पाहिजेतच. आमच्या कामात भोक तपासायचा प्लग गेज असतो: एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. चार भोकांचा जॉब असेल तर तीन भोकं अचूक असून भागत नाही, चौथं वेगळं मापलं जातं. वाचनात ९७ मिळवून लेखनातले ४६ झाकता येत नाहीत. पण या परीक्षेत रिवर्कची सोय आहे: राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. ६० ते ६९ला काठावर पास, ७०च्या पुढे बरं, ८०च्या पुढे चांगलं आणि ९०च्या पुढे फार चांगलं, असे शेरे मिळतात.

फ्रेंचच्या डेल्फमध्ये चार भाग २५-२५ गुणांचे. एकूण १००पैकी ५० हवेत, आणि कुठल्याही भागात ५च्या खाली जायचं नाही. हा नियम खूप उदार आहे. एका भागाची भीती असलेल्यांनी त्याचा फायदा घ्यावा.

जपानीची जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, पुण्यातही होते. तिच्यात बोलणं नाही, लिहिणं नाही, सगळे बहुपर्यायी प्रश्न. एन-५ या पहिल्या पायरीला १८०पैकी ८० हवेत, त्याच्या वरच्या एन-४ला ९०. पण त्याचबरोबर भाषाज्ञान आणि वाचन मिळून १२०पैकी किमान ३८, आणि ऐकण्यात ६०पैकी किमान १९. एकूण १३० मिळाले आणि ऐकण्यात १८ असतील तर नापास. आणि इथे रिवर्क नाही, पूर्ण परीक्षा पुन्हा. कांजी, म्हणजे जपानीतली चित्राक्षरं, घोटण्यात रात्री घालवणाऱ्या आणि कानाला हेडफोन न लावणाऱ्या मुलांना हे १९ मी मोठ्या आकड्यात लिहून भिंतीवर चिकटवायला सांगतो.

वाचन आणि ऐकणं

बी-वनच्या वाचनाला ६५ मिनिटं आणि ३० प्रश्न. १८ बरोबर आले की ६० गुण. म्हणजे १२ चुका चालतात! हा हिशोब सांगितला की टेबलावरची माणसं खुर्चीत जरा सैल बसतात. प्रत्येक शब्द समजायलाच हवा असं नाही. जाहिराती जुळवायच्या प्रश्नात अडकून वीस मिनिटं घालवू नका. पुढे इमारतीच्या किंवा वाचनालयाच्या नियमांवरचा चार प्रश्नांचा भाग असतो, तो सोपा असूनही वेळ न उरल्याने राहतो. वाचनात उत्तरपत्रिकेवर उत्तरं उतरवायला वेगळा वेळ देत नाहीत, त्या ६५ मिनिटांतच ते करायचं.

एकही रकाना कोरा सोडू नका. सदाशिव पेठेत एमपीएससीची तयारी केलेली मुलं भाषेकडे वळतात तेव्हा कोरं सोडायची सवय सोबत आणतात, कारण तिथे चुकीच्या उत्तराला मार्क कापतात. गोएथे आणि जेएलपीटीत तसं कापत नाहीत. खरं-खोटं असेल तर डोळे मिटून टिक केली तरी निम्मी शक्यता तुमच्या बाजूने.

ऐकण्याचा भाग साधारण ४० मिनिटांचा. इथे ड्रॉइंग असं आहे: पहिल्या भागातले पाच छोटे मजकूर दोनदा ऐकवतात, दुसरा भाग एकदाच, तिसरा एकदाच, चौथा पुन्हा दोनदा. हे पाठ असलं पाहिजे. एकदाच येणाऱ्या भागात ‘पुन्हा येईल तेव्हा बघू’ म्हणून थांबलेला माणूस तिथेच संपतो. शेवटी उत्तरं उतरवायला पाच मिनिटं मिळतात.

आकड्यांच्या बाबतीत मात्र मराठी माणसाच्या हातात एक किल्ली आहे आणि ती आपण वापरत नाही. जर्मनमध्ये २५ला ‘फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश’ म्हणतात, म्हणजे पाच आणि वीस. आपण काय म्हणतो? पंचवीस. एकक आधी, दशक नंतर, अगदी तसंच. पण आपण हिशोब इंग्रजीत करतो, ‘ट्वेंटी फाइव्ह’ असा, आणि जर्मन आकडा ऐकला की मनात तो उलटवायला जातो. त्या क्षणात पुढचं वाक्य निघून जातं. मी सगळ्यांना सांगतो, जर्मन आकडा मराठीत ऐका. ‘फ्युन्फ-उन्ट’ कानावर पडलं की पंच, पुढे ‘त्स्वान्त्सिश’ आलं की वीस. भाजीवाल्याकडे, लिफ्टमध्ये, पीएमपीच्या बसवरचे नंबर बघून याचा सराव करा. आठवड्याभरात फरक पडतो.

वेळ सांगण्यात मात्र खड्डा आहे. ‘हाल्ब आख्ट’ ऐकलं की ‘अर्धा’ आणि ‘आठ’ कळतं आणि आपण साडेआठ लिहून मोकळे होतो. त्याचा अर्थ साडेसात. आठाकडे निघालेला अर्धा तास. डॉक्टरची वेळ, ट्रेनची वेळ, दुकान उघडायची वेळ असल्या प्रश्नांत हा शब्द हमखास भेटतो.

लेखन

आता माझे ४६.

बी-वनच्या लेखनात ६० मिनिटांत तीन कामं. पहिलं, मित्राला किंवा मैत्रिणीला ईमेल, साधारण ८० शब्द, ४० गुण. दुसरं, एखाद्या विषयावर आपलं मत, ८० शब्द, ४० गुण. तिसरं, औपचारिक छोटा ईमेल, ४० शब्द, २० गुण. पेपरवरच वेळ सुचवलेली असते: २०, २५ आणि १५ मिनिटं.

मी काय केलं होतं? वाढदिवसाच्या पार्टीचं एक सुंदर पत्र तयार केलं होतं. कोण आलं, काय खाल्लं, काय भेट मिळाली, सगळं. एकही व्याकरणाची चूक नाही. रोज रात्री जेवण झाल्यावर ते लिहून काढायचो, महिनाभर. परीक्षेत विषय आला नव्या घराचा: घर कसं आहे ते सांगा, आधीचं का सोडलं ते सांगा, भेटायला यायचं सुचवा. मी मनाशी म्हटलं, नव्या घरात पार्टी केली असं लिहू. आणि पाठ केलेलं पत्र वरची दोन वाक्यं बदलून उतरवलं.

निकालात भागाचे एकूण मार्क येतात. ४६ बघून मी चक्रावलो, कारण लेखनाचीच मला सगळ्यात जास्त खात्री होती. त्या रात्री ते ईमेल आठवून जसंच्या तसं वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी क्लासच्या मॅडमना दाखवलं. त्यांनी लाल पेन घेतलं, पण एकही चूक काढली नाही. समासात फक्त तीन आडव्या रेघा मारल्या, विचारलेल्या तीन मुद्द्यांच्या. पहिल्या रेघेपुढे अर्धी टिक. दुसरी कोरी. तिसरी कोरी. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, “काका, जर्मन छान आहे हो. पण हे उत्तर या प्रश्नाचं नाही.”

मग त्यांनी मला तपासणीचा तक्ता समजावला. ही माहिती गुप्त नाही, गोएथेच्या नमुना प्रश्नपत्रिकेसोबत मिळते, पण मी ती पानं कधी उलटलीच नव्हती. पहिल्या कामाचे ४० गुण चार रकान्यांत वाटलेले असतात, प्रत्येकी १०. पहिला रकाना: काम पुरं झालं का? विचारलेले सगळे मुद्दे आले का, ज्याला लिहिलंय त्याला शोभेल असं लिहिलंय का. दुसरा: मजकूर सलग आहे का, वाक्यं एकमेकांना जोडलेली आहेत का. तिसरा: शब्द. चौथा: वाक्यरचना, म्हणजे आपलं लाडकं व्याकरण. एवढं वर्षभर घोकलेलं व्याकरण चारातला एक रकाना! आणि पहिल्या रकान्यात शून्य आलं, म्हणजे विषयच चुकला किंवा मजकूर निम्म्याहूनही कमी भरला, तर त्या कामाचे बाकीचे तीन रकाने बघत नाहीत. पूर्ण काम शून्य. माझे ४० तिथे गेले. उरलेल्या ६०पैकी ४६ मिळाले होते, आणि ते खरं तर चांगले होते.

ड्रॉइंग न वाचता उत्तम फिनिशिंग केलेला जॉब. २४ वर्षं मी असे जॉब लाल ट्रेमध्ये टाकत आलो होतो.

तेव्हापासूनची पद्धत सांगतो. पेपर हातात आला की आधी मुद्दे मोजा आणि प्रत्येकापुढे समासात रेघ मारा. एका मुद्द्याला दोन-तीन वाक्यं. तो लिहून झाला की रेघेवर टिक. सगळ्या टिका झाल्याशिवाय दुसऱ्या कामाकडे जायचं नाही. शब्द मोजत बसू नका. घरी एकदाच मोजा की तुमच्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात. माझे आठ बसतात, म्हणजे ८० शब्दांना दहा ओळी. परीक्षेत ओळी मोजायच्या.

पाठ करायचंच असेल तर पूर्ण पत्रं नको, सांधे पाठ करा. सुरुवातीचं वाक्य, शेवटचं वाक्य आणि जोडणारे शब्द: ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जरी’, ‘पण’. सलगपणाचे गुण याच्यावर मिळतात. आणि इथेही मराठी मदतीला येते. ‘वाइल इश क्रांक बिन’ या तुकड्यात क्रियापद शेवटी जातं म्हणून इंग्रजी माध्यमाची मुलं वैतागतात. शब्दाला शब्द ठेवून बघा: कारण मी आजारी आहे. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, क्रांक म्हणजे आजारी, बिन म्हणजे आहे. आपल्याला काहीच हलवावं लागत नाही.

तिसऱ्या कामात, औपचारिक ईमेलमध्ये, ‘तू’ आणि ‘आपण’ची गल्लत करू नका. मित्राला ‘दू’, ऑफिसला किंवा शिक्षकांना ‘झी’. सासऱ्यांना कुणी अरेतुरे करत नाही, तेवढं लक्षात ठेवलं की पुरे. मध्येच ‘झी’वरून ‘दू’वर घसरलेलं पत्र तपासणाऱ्याच्या कानाला तसंच लागतं. त्या ४० शब्दांत माफी, कारण आणि विनंती एवढंच बसतं. जास्त लांबवू नका.

पेपर दोन तपासनीस वेगवेगळे बघतात. त्यामुळे ‘त्या माणसाचा मूड खराब असेल’ ही समजूत सोडून द्या.

लिंगाबद्दल एक. आपल्याकडेही तीन लिंगं असल्याने संकल्पना कळते, पण गाडी एकाच रुळावर जात नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. आपलं टेबल नपुंसकलिंगी, त्यांचं पुल्लिंगी. शब्द शिकतानाच लिंगासकट शिका. परीक्षेत मात्र याच्यावर अडून बसू नका, कारण चुकलं तरी अर्थ पोचतो आणि बी-वनला तेवढी चूक सांभाळून घेतात.

तोंडी परीक्षा

बी-वनची तोंडी परीक्षा जोडीने असते. १५ मिनिटं तयारीला आणि साधारण १५ मिनिटं बोलायला. समोर दोन परीक्षक: एक बोलतो, दोघंही गुण नोंदवतात. गुणांची वाटणी अशी: दोघांनी मिळून काहीतरी ठरवण्याचे २८, एका विषयावर बोलण्याचे ४०, जोडीदाराच्या बोलण्यावर प्रतिक्रिया आणि प्रश्नोत्तरांचे १६, आणि उच्चारांचे १६.

उच्चार १६, बाकी ८४. ‘माझा उच्चार मराठी येतो’ म्हणून तोंड न उघडणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

पहिल्या भागात, समजा, आजारी सहकाऱ्याला भेटायला जायचं ठरवायचं असतं: कधी, कसं, काय न्यायचं. आमच्याकडे एक नर्स ताई येतात, रात्रपाळी करून थेट रविवारच्या टेबलावर. अभ्यास पक्का, स्वभाव ऐकून घेण्याचा. सरावात जोडीदार काही म्हणाला की त्या ‘हो, चालेल’ म्हणून थांबायच्या. वॉर्डात हा गुण आहे, इथे मार्क जातात, कारण संवाद पुढे नेला का याचेही मार्क आहेत. त्यांना आम्ही एकच नियम दिला: प्रत्येक वेळी उत्तर द्या, एक कारण द्या आणि एक प्रश्न परत टाका. ‘शनिवारी नको, मला ड्युटी आहे, रविवारी संध्याकाळी जमेल का तुला?’ पत्नीने स्वयंपाकघरातला कुकरचा टायमर आणून ठेवला, तीन मिनिटांचा लावला, आणि तो वाजेपर्यंत चेंडू खाली पडू द्यायचा नाही. ताईंना चार रविवार लागले. पाचव्या रविवारी जोडीदारालाच घाम फुटला.

उलट स्वभावाची माणसंही असतात, जोडीदाराला बोलूच न देणारी. त्यांनीही जपावं. संवादाचे मार्क दोघं बोलल्यावर मिळतात.

दुसऱ्या भागात पाच पट्ट्या देतात: विषयाची ओळख, स्वतःचा अनुभव, तुमच्या देशात काय परिस्थिती आहे, फायदे-तोटे आणि माझं मत, शेवट आणि आभार. तीनेक मिनिटं बोलायचं. पाचही पट्ट्यांवर बोललं पाहिजे, हे इथलं ड्रॉइंग. बहुतेक जण पहिल्या पट्टीवर रेंगाळतात आणि शेवटच्या दोन घाईत उरकतात. तयारीच्या १५ मिनिटांत पूर्ण वाक्यं लिहू नका, प्रत्येक पट्टीला चार शब्द लिहा. वाचून दाखवलेलं परीक्षकांना लगेच कळतं.

‘तुमच्या देशात’ ही पट्टी म्हणजे आपली हक्काची जागा. ‘भारतात लोकसंख्या फार आहे’ वगैरे सांगू नका, ते सगळेच सांगतात आणि त्यातून शब्द निघत नाहीत. विषय मुलांच्या मोबाईलचा असेल तर तुमच्या सोसायटीच्या जिन्यात बसलेली मुलं सांगा. सायकलचा असेल तर पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं आणि तुमचे वडील कामावर कसे जायचे ते सांगा. डोळ्यांसमोरचं सांगताना शब्द आपोआप येतात.

तिसरा भाग फक्त १६ गुणांचा, पण फुकट मार्क इथेच असतात. जोडीदार बोलत असताना आपलं पुढचं भाषण मनात घोळवायचं नाही. त्याचा एक मुद्दा कागदावर टिपायचा, ‘हे मला आवडलं’ म्हणायचं आणि त्यावर एक साधा प्रश्न विचारायचा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. गप्प बसण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

शेवटचे पंधरा दिवस

नवीन व्याकरण बंद. रोज एक भाग, घड्याळ लावून, खऱ्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन. उत्तरपत्रिका महत्त्वाची आहे: आमच्यातल्या एका इंजिनिअरने सरावात सगळी उत्तरं बरोबर काढली आणि उतरवताना एक ओळ सरकली, पुढची सगळी चूक. परीक्षेआधी घडलं ते बरं झालं. रविवारी सलग सगळे लेखी भाग द्या, कारण अडीच-पावणेतीन तास बसून डोकं चालवायची आपली सवय मोडलेली असते. चाळिशी ओलांडलेल्यांनी चष्म्याचा नंबरही बघून घ्या, उत्तरपत्रिकेचे चौकोन बारीक असतात.

गोएथेला पेन, जेएलपीटीला एचबी पेन्सिल आणि चांगला खोडरबर. ओळखपत्र मूळ, झेरॉक्स नाही. फोन बाहेर ठेवावा लागतो, म्हणून घरच्यांना आधीच सांगा की दुपारपर्यंत फोन लागणार नाही.

आणि एखादा भाग राहिलाच तर लगेच फॉर्म भरू नका. आधी तो भाग आठवून कागदावर उतरवा, त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, आणि शिकवणाऱ्यांसमोर ठेवा. मार्क भाषेमुळे गेले की मुद्दे सुटल्यामुळे, हे ठरल्याशिवाय रिवर्क करता येत नाही. भाषेमुळे गेले असतील तर तीन-चार महिने द्या. मुद्दे सुटले असतील तर सहा आठवडे पुरतात.

मला सहा आठवडे पुरले. दुसऱ्या वेळी विषय आला सहलीचा. समासात तीन रेघा मारल्या, तिन्हींवर टिका केल्या, दहा ओळी भरल्या. एक लिंग चुकलं हे लिहितानाच कळलं होतं, पण खाडाखोड न करता पुढे गेलो. लेखनात ७८ आले.